माय नको म्हणायची

औसा तालुक्यातल्या आमच्या गावातून मुक्कामी एसटी पहाटे सुटायची. बारावीला मी लातूरला होते, आणि माझा डबा त्या गाडीनं यायचा. कापडात बांधलेली ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, वर नावाची चिठ्ठी. स्टँडवर शिकवणीची कितीतरी पोरं अशाच डब्यांची वाट बघत उभी असायची. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं. १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं सुमारे ५ लाख लिटर पाणी लातूरला आलं. त्या दिवसांत माय डब्याबरोबर पाण्याचा कॅनही धाडायची. गावातला बोअरही आचके देत होता. पण ५ मेची सीईटी होईपर्यंत लेकीनं पाण्याच्या रांगेत उभं राहायचं नाही, हा तिचा हट्ट.

त्याच मायनं मला मुंबईला जाऊ दिलं नाही. मेडिकलची जागा मिळाली होती. "एवढ्या लांब नको गं बाई," एवढंच ती म्हणायची. अण्णांनी समजावलं, मी रडले, जेवण सोडलं. ती हलली नाही. जागा गेली, वर्ष गेलं, मग मी अंबाजोगाईला प्रवेश घेतला. ते वर्ष मला अजून सलतं. तिच्यावर कितीही जीव असला, तरी ते सलणं खोटं नाही.

तिची भीती मला ठाऊक होती. सप्टेंबर १९९३ मध्ये तिची धाकटी बहीण गणपती विसर्जनासाठी किल्लारीला आत्याकडे गेली होती. "राहू दे की एक रात्र," असं आजीला मायनंच सांगितलं होतं. ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड धाबं झोपलेल्या माणसांवर कोसळलं. ती मावशी मी फक्त फोटोत पाहिली.

तेव्हापासून आपलं माणूस नजरेआड झोपलं, की मायचा डोळा लागायचा नाही. लातूर तिला चाललं, कारण रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत यायचा. तो हातात आला, की तिचा जीव भांड्यात पडायचा. मुंबईहून डबा परत येणार नव्हता.

गेल्या वर्षी माय गेली. पुढच्या शिक्षणासाठी मी मुंबईला निघाले, तेव्हा कुणीच अडवलं नाही. अण्णांनी गुमान पैसे हातात ठेवले. मदत करणारी माणसं मला पुष्कळ भेटली, अजून भेटतात. माझ्या इच्छेच्या आड जीव तोडून उभी राहिली ती एकटी माय. तिच्याशी भांडताना मला डॉक्टर का व्हायचंय, हे तिला पटेल अशा शब्दांत पुन्हा पुन्हा सांगावं लागायचं, आणि सांगता सांगता ते माझं मलाच उमगत गेलं. आता माझे निर्णय झटकन होतात. म्हणूनच मला त्यांची धास्ती वाटते.

तिच्यापायी माझं एक वर्ष गेलं, हे खरं. पण मी कुठं झोपते यावर जिची झोप ठरायची, ती माय गेली. हे नुकसान त्या वर्षाहून फार मोठं आहे.