मे महिन्यातली शाल

"मला थायरॉईड आहे," असं कुणी म्हणालं की मी पूर्वी विचारायचो, "आणि नाक?" थायरॉईड ही ग्रंथी देवाने सगळ्यांनाच दिलेली आहे. गळ्यात, घाटीच्या जरा खाली, फुलपाखरू बसावं तशी ती बसलेली असते. मग ती 'असणं' हा रोग कसा? प्रश्न बिनतोड होता. आमच्या पार्ल्यात बिनतोड प्रश्न विचारणाऱ्याला मान असतो, उत्तर माहीत असण्याची अट नसते.

आमच्या घरात भांडणाला कारण लागत नाही, पंखा पुरतो. मी तो पाचवर करायचा आणि सौभाग्यवतींनी दोनवर आणायचा, असा संसार पस्तीस वर्षं सुखाने चालला होता. एका मे महिन्यात मात्र पंखा 'बंद'वर आला. हनुमान रोडचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि आमची ही सोफ्यावर शाल पांघरून बसली होती. "अहो, गारठा आहे हो!"

मग एकेक गंमत सुरू झाली. पूर्वी स्टेशनाजवळून भाजी घेऊन, वाटेत तिघींशी बोलून, वीस मिनिटांत परतणारी बाई आता जिन्यात दोनदा बसायला लागली. जेवण निम्म्यावर आलं आणि वजन वाढलं. दूध गॅसवर ठेवून विसरणं हे खातं आमच्या घरात माझ्याकडे होतं, तेही तिने घेतलं. आवाज इतका घोगरा झाला की फोनवर तिची भाची म्हणाली, "काका, जरा मावशीला द्या ना!" मी हे बिल्डिंगभर सांगून हशा वसूल केला.

एकदा मात्र मी शहाणपणाने म्हणालो, "रिटायर झालीस ना, आळस अंगाला चिकटलाय. दुसरं काही नाही."

"तसंच असेल," ती म्हणाली.

पस्तीस वर्षांत तिने माझं म्हणणं पहिल्यांदाच मान्य केलं होतं. बाई आजारी आहे हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं.

बिल्डिंगमध्ये निदानं झालीच. पहिल्या मजल्याने अशक्तपणा ठरवला, दुसऱ्याने दृष्ट, तिसऱ्याने पलंगाची दिशा. शेवटी मुलीने आईला आमच्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. ओझं उचलायला म्हणून मीही गेलो. (ओझं म्हणजे छत्री.)

डॉक्टरांनी नाडी पाहिली. ती सावकाश चालली होती. तिला पाण्याचा घोट गिळायला सांगून त्यांनी गळ्याकडे निरखून पाहिलं, कारण गिळताना ही ग्रंथी वर सरकते आणि फुगलेली असली तर तेव्हा दिसते. मग खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं आणि टाचेमागच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल चटकन हललं, पण जागेवर परत येताना आमच्या लिफ्टसारखं रमतगमत आलं. डॉक्टर "हं" म्हणाले आणि रक्ततपासणी लिहून दिली.

रिपोर्टात टी.एस.एच. ६२ आला. शेजारीच छापलं होतं, साधारण साडेचारच्या आत हवा. मी म्हणालो, "म्हणजे ग्रंथी चौदापट काम करतेय! मग ही दमणारच!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुमच्या सोसायटीत पंपवाला आहे?"

"आहे."

"तो पंप चालवत नाही तेव्हा सेक्रेटरी काय करतात?"

"नोटिसा लावतात."

"टी.एस.एच. म्हणजे त्या नोटिसा. त्या लावते मेंदूखालची पिट्युटरी. पंपवाला कामचुकार झाला की नोटिसा वाढतात. ६२ म्हणजे बोर्डावर जागा उरलेली नाही. आणि पाणी, म्हणजे टी-फोर, बघा किती खाली गेलंय."

आमच्या सेक्रेटरींना आपलं काम इतकं शास्त्रीय आहे हे अजून ठाऊक नाही.

आणखी एका तपासणीत कळलं की शरीराचे स्वतःचेच शिपाई या ग्रंथीवर चालून गेले होते. हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरने १९१२ साली या प्रकाराचं वर्णन लिहिलं. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतो. उपाय आणखी जुना. १८९१ साली इंग्लंडात मरे नावाच्या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एक बाई बरी केली, आणि ती पुढे अठ्ठावीस वर्षं जगली. आता मेंढीची गरज नाही, एक चिमुकली गोळी पुरते.

निघताना डॉक्टरांनी सहज विचारलं, "चार-पाच वर्षांपूर्वीचा फोटो आहे का? चेहऱ्यातला फरक रोज बघणाऱ्याला कळत नाही."

दुसऱ्या दिवशी मी आल्बमच नेला. त्यांनी हिचा फोटो पाहिला, मान हलवली आणि पुढची पानं उलटता उलटता थांबले. "या कोण?"

"आई. पुतण्याच्या मुंजीतला फोटो. १९८६ साली गेली."

"मुंज कधी होती?"

"मे महिन्यात."

फोटोत आईच्या अंगावर शाल होती. चेहरा सुजल्यासारखा, भुवया विरळ. शेवटची वर्षं ती हळू बोलायची, हळू चालायची, विसरायची. आम्ही त्याला म्हातारपण म्हणत होतो. ती साठीचीही नव्हती.

"फोटोवरून निदान करायचं नसतं," असं म्हणून डॉक्टरांनी आल्बम मिटला. ते सज्जन आहेत.

तेव्हा कुठे होत्या या तपासण्या, असं म्हणून मी स्वतःला सोडवू पाहिलं. पण परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे आणि थायरॉईड हा तिथला मोठा विषय. रक्तातलं कणभर हार्मोन मोजायच्या पद्धतीला तर १९७७ सालीच नोबेल मिळालं होतं. पार्ल्याहून गाडी पकडायची, एल्फिन्स्टन रोडला, म्हणजे आताच्या प्रभादेवीला, उतरायचं आणि पूल ओलांडायचा. मी रोज त्याच गाडीने फोर्टात नोकरीला जात होतो. मध्ये उतर, असं मला कुणी सांगितलं नाही. कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

आता घरात सकाळी सहाला गजर होतो. तिला गोळी आणि पाणी मी देतो. गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियमची गोळी तर चार तास लांब. चहावाचून पाऊण तास म्हणजे पार्लेकराला एकादशी! बरं झालं, बिस्किटाच्या कारखान्यातलं उत्पादन २०१६ सालीच थांबलं. तो भाजलेला वास खिडकीतून आला असता तर उपचार पहिल्याच सकाळी कोसळला असता.

दोन महिन्यांनी नोटिसा बऱ्याच उतरल्या. आवाज परतला. त्याच आवाजात एका सकाळी तिने मला वर्तमानपत्रातून उठवलं, "अहो, तुमचीही तपासणी करून घ्या. दिवसभर पडून असता."

केली. टी.एस.एच. दोन. ग्रंथी ठणठणीत. रिपोर्ट वाचून ती म्हणाली, "म्हणजे तुमचा आळस स्वयंभू आहे."

मी म्हणालो, "तसंच असेल."

तिने चमकून माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावून बघितला. मग उठून पंखा पाचवर केला. मला थोडी थंडी वाजली, पण मी बोललो नाही.