कोण उठतं, कोण बसतं

महाड-पोलादपूरकडे हळदीला डीजे वाजवायचा म्हणजे एका मांडवात चार-पाच वाड्यांची गाणी सांभाळायची. नवरदेवाच्या काकांना कोळीगीत हवं असतं, मुंबईहून आलेल्या चाकरमानी पोरांना पंजाबी, करवल्यांना सध्या रीलवर चाललेलं काहीतरी, कुणबीवाडीतून आलेल्यांना बाल्या नाचाची चाल आणि बौद्धवाडीतल्या मित्रांना भीमगीत. वेळ मात्र मोजकी. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमाने रात्री दहाला स्पीकर बंद. सातला सुरू केलं तर हातात तीन तास. ‘आमचं कधी?’ हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर असतो.

इतकी वेगळी गाणी जोडतोस कशी, असं मला विचारतात तेव्हा लोकांना बीपीएमबद्दल ऐकायचं असतं. मी मात्र आधी पाय बघतो. एक गाणं लागलं की एक घोळका उठतो. ते संपलं की तो बसतो, दुसरा उठतो. रात्रभर असंच चाललं तर मी वाड्यांची हजेरी घेतली, एवढंच. आधीच्या गाण्याचे लोक नाचत असतानाच पुढच्या गाण्याचे लोक आत यायला हवेत. माझ्यासाठी मिक्सिंग म्हणजे ती मधली वीस-तीस सेकंदं.

त्यासाठी दोन गाण्यांत काहीतरी सामाईक शोधावं लागतं. कोळीगीताचा ठेका बहुतेक वेळा सहाचा, म्हणजे पायाच्या एका ठोक्यात तीन बारीक ठोके. क्लबच्या ट्रॅकमध्ये एका ठोक्याचे दोन किंवा चार. सॉफ्टवेअर इथे गोंधळतं, 110 च्या गाण्याला 165 सांगून मोकळं होतं. मी स्क्रीन सोडून पाय आपटून मोजतो. मग कोळीगीतातला बारीक ताल उतरवायचा, नुसता जाड ठोका आठ मापं चालू ठेवायचा आणि त्याच ठोक्यावर दुसरा ट्रॅक सोडायचा. वरचं विणकाम बदलतं, पण पाय तिथेच पडतो. काका थांबत नाहीत आणि पोरं आत आलेली असतात.

ही युक्ती माझी नाही. 1973 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क या डीजेच्या लक्षात आलं, की नाचणारे गाण्यातल्या एका छोट्या तुकड्याची वाट बघतात, जिथे गाणारा थांबतो आणि ड्रम उरतात. त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो तुकडा लांबवला. हिप-हॉपची गोष्ट तिथून सांगितली जाते. तोही आधी नाचणाऱ्यांकडेच बघत होता.

पण सगळी गाणी ठेक्याने जुळत नाहीत. काही आवाजाने जुळतात. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आमच्याकडे गणपतीत वाजतो, आषाढीला वाजतो आणि 14 एप्रिललाही वाजतो. त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांचं पोपटाचं गाणं लागलं की हळदीत खुर्चीवर माणूस उरत नाही. भीमगीतंही त्याच घरातली, त्याच गळ्यातली. सॉफ्टवेअर बीपीएम सांगतं, सूर सांगतं, हे सांगत नाही.

पोलादपूरकडच्या एका हळदीत मला हे कामाला आलं. सुरुवातीलाच घरातले एक वडीलधारे येऊन सांगून गेले, “ती गाणी नकोत हां, लग्नघर आहे.” कुठली, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नवरदेवाचे कॉलेजचे मित्र दोन तास स्पीकरच्या टेम्पोला टेकून उभे होते. शेवटी एक जण आला. “दादा, आमचं एक लावशील?”

मी नवरदेवाकडे गेलो. तोंडभर हळद होती. तो म्हणाला, “लाव ना.”

शब्द काढून नुसता ठेका लावला असता तर कुणाची हरकत आली नसती. पण शब्द काढलेत, हे त्या मित्रांना पहिल्या मापातच कळलं असतं. म्हणून पोपटाचं गाणं लावलं, शेवटची ढोलकी लूपवर धरली आणि तोच आवाज भीमगीतात घेऊन गेलो, पूर्ण शब्दांसकट. मित्र आत आले. करवल्यांनी हातात हात धरून फेर धरला होता, तो सुटला नाही. दोन काका जेवायला निघून गेले. मला उरलेले पैसे मिळायला तीन आठवडे लागले आणि त्या वाडीतून पुन्हा सुपारी आली नाही.

माझ्या लाइनमधला एक मित्र म्हणतो, “आपण वाजवणारे. आपण कशाला पडायचं यात?” मी महाडचा आहे. आमच्या गावातलं चवदार तळं नगरपालिकेने 1924 मध्ये ठराव करून सगळ्यांना खुलं केलं होतं, कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा तो कागद पहिल्यांदा खरा झाला. त्यानंतरही कोर्टात दहा वर्षं गेली. पाण्याचा हक्क आणि हळदीचा नाच एका मापाचे नाहीत, हे मला कळतं. पण लग्नाच्या पत्रिकेतही सगळ्यांना आग्रहाचं निमंत्रण असतं, आणि काही जण टेम्पोला टेकून उभे राहतात.

आता सुपारी घेतानाच मी विचारतो, नवऱ्याचे मित्र कुठले, नवरीच्या मैत्रिणी कुठल्या. ज्याला त्याला वाटतं, डीजे गाण्यांची यादी करतोय. आणि ते गाणं मी पावणेदहाला लावत नाही. तेव्हा मोठी माणसं घरी गेलेली असतात, कुणी अडवत नाही, ते सोपं असतं. मी ते साडेआठला लावतो, मांडव भरलेला असताना.