अमानतीची दुसरी किल्ली

पवनी तालुक्यातल्या आमच्या कोंढ्यात लोक कागद सांभाळायला देतात ते माणूस बघून. बचत गटाचा हिशेब मी संगणकावर लिहू लागलो, तशी बायांची आधार क्रमांकांची, बँक खात्यांची, कर्जाची माहिती माझ्याकडे जमत गेली. एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, माझा नंबर दुसऱ्याच्या हाती तर नाही ना लागणार?" प्रश्न माझ्या इमानाचा नव्हता. माणूस इमानदार असला तरी त्याचा लॅपटॉप चोरीला जाऊ शकतो.

गटाच्या फायली मी कूटबद्ध करून ठेवतो. त्या उघडणारे लांबलचक पासफ्रेज कीपासएक्ससी या मोफत प्रोग्रॅमच्या डेटाबेसमध्ये असतात. पण हा डेटाबेसही शेवटी एक फाईलच. चोर तिची नक्कल नेऊन घरबसल्या लाखो पासवर्ड लावून पाहू शकतो. एटीएमसारखं तीन चुकांनंतर तिथे काही बंद पडत नाही.

म्हणून त्याला यूबीकी जोडली. पेनड्राइव्हएवढंच हे यंत्र, पण त्यातलं गुपित बाहेर वाचता येत नाही. संगणक त्याला एक प्रश्न पाठवतो, ते आतल्या गुपितावरून उत्तर काढून देतं. माझा पासवर्ड आणि हे उत्तर एकत्र आलं तरच डेटाबेस उघडतो. प्रत्येक वेळी सेव्ह करताना प्रश्न बदलतो. मात्र उघड्या डेटाबेसला ही किल्ली वाचवत नाही. काम संपलं की तो बंद करायलाच हवा.

गावाला ही रीत नवी नाही. वित्त आयोगाचे पैसे ई-ग्रामस्वराजवरून देताना ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच, दोघांच्याही डिजिटल सह्या लागतात आणि त्यासाठी अशीच टोकनं असतात. पण दोन्ही टोकनं आणि पिनची चिठ्ठी एकाच खणात पडली, तर दोन सह्या नावापुरत्याच उरतात. राखण किल्लीने होत नाही, किल्ल्या वेगळ्या ठेवण्याने होते.

यूबीकी हरवली तर सगळंच कुलुपात अडकेल, म्हणून तेच गुपित भरलेली दुसरी यूबीकी केली. ती गटाच्या अध्यक्षांकडे असते. पासवर्ड लिहिलेला बंद लिफाफा सचिवांकडे. दोघींपैकी एकटीला काही उघडता येत नाही. दोघी मिळून माझ्याशिवाय उघडू शकतात. अमानत सांभाळणारा उद्या नसला, तरी ती ज्यांची आहे त्यांच्या हाती पोचली पाहिजे.