पुस्तकांच्या गावी, ज्येष्ठांसह

वाचकहो, आपल्या घरात कोणी वयस्क वाचक असतील, तर त्यांनी शेवटचे पुस्तक कधी वाचून संपवले, हे जरा आठवून पाहावे. वर्तमानपत्र चाळणे वेगळे. मी पुस्तकाविषयी विचारते आहे. दवाखान्यात येणाऱ्या आजी-आजोबांना मी हा प्रश्न हटकून विचारते आणि उत्तर बहुधा सोबत आलेला मुलगा किंवा सून देते, "आता त्यांना वाचनाची गोडी राहिली नाही." मला हे उत्तर सहसा पटत नाही. पन्नास-साठ वर्षांची गोडी अशी आपोआप आटत नाही. ती कशाने तरी अडते, आणि कशाने अडली हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. अशा काही कुटुंबांना मी अलीकडे एक सहल सुचवू लागले आहे. ती सहल म्हणजे भिलार.

सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वर तालुक्यात, पाचगणीपासून थोड्याच अंतरावर हे गाव आहे. पूर्वी त्याची ओळख स्ट्रॉबेरीचे गाव अशी होती. ४ मे २०१७ रोजी राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकाराने ते 'पुस्तकांचे गाव' झाले. या कल्पनेमागे वेल्समधील हे-ऑन-वाय या गावाचा आदर्श होता. तेथे रिचर्ड बूथ या गृहस्थांनी १९६०च्या दशकात जुन्या पुस्तकांची दुकाने थाटली आणि पुढे १ एप्रिल १९७७ रोजी गंमतीने स्वतःस त्या गावाचा राजा म्हणून घोषित केले. (आमच्या वाईशी त्या नावाचे साम्य हा निव्वळ योगायोग!) मात्र दोहोंत एक मोठा फरक आहे. वेल्समधील ते गाव पुस्तकविक्रीचे आहे. भिलारमध्ये गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरातील खोल्या पुस्तकांना दिल्या. प्रारंभी घरे, देवळे, शाळा अशी पंचवीस ठिकाणे व सुमारे पंधरा हजार पुस्तके होती. पुढे दोन्हींत भर पडत गेली. कोठे कथा-कादंबऱ्या, कोठे संतसाहित्य, कोठे चरित्रे-आत्मचरित्रे, कोठे बालसाहित्य. चित्रे रंगवलेली भिंत पाहावी, आत शिरावे, हवे ते पुस्तक काढावे आणि बसून वाचावे. त्यासाठी पैसे पडत नाहीत.

वृद्ध वाचकाच्या दृष्टीने या व्यवस्थेत एक मोठी सोय आहे. ग्रंथालयात शांतता पाळावी लागते. येथे आपण कोणाच्या तरी घरात बसलेले असतो. आत भांड्यांचा आवाज येत असतो, पलीकडच्या खुर्चीवर दुसरे कोणी वाचत असते आणि "काय वाचताय?" असे विचारणे उद्धटपणाचे ठरत नाही. वाचन सोडलेल्या माणसाने बहुधा पुस्तकांइतकेच पुस्तकांविषयी बोलणारी माणसेही गमावलेली असतात. समवयस्क एकेक करून गेलेले असतात आणि मुलांना वेळ नसतो.

आम्ही वाईहून निघालो तेव्हा माझ्यासोबत सासूबाई होत्या. वय ८१, निवृत्त शिक्षिका. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाची झीज झाल्याने त्यांना समोरच्या माणसाचा चेहरा पुसट दिसतो, कडेची खिडकी मात्र स्पष्ट दिसते. छापील ओळ तर डोळ्यांसमोर धरताच नाहीशी होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आपली पुस्तके स्वतःच कपाटात लावून किल्ली माझ्या हाती दिली. भिलारचे नाव काढताच त्या म्हणाल्या, "आंधळ्याला कशाला नेतेस गं आरसेमहालात?" तरीही त्या आल्या.

पसरणीचा घाट वळणावळणाचा आहे, म्हणून प्रवासाविषयी थोडे सांगते. मळमळ थांबवणाऱ्या काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, क्वचित भ्रम होतो आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी अडू शकते. तेव्हा दुकानातून परस्पर गोळी घेऊन देऊ नये. हलका नाश्ता, पुढची जागा आणि उघडी खिडकी एवढे पुष्कळांना पुरते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. मनाने चुकवू नये. पाचगणी सुमारे ४,२०० फुटांवर आहे. एवढी उंची बहुतेकांना बाधत नाही, पण हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी तपासून घेतलेले बरे. स्वेटर व कानटोपी न्यावी आणि जुलै-ऑगस्टचा धो-धो पाऊस टाळावा. घरे गावभर विखुरलेली असून रस्त्यांना चढउतार आहेत. सारी पाहण्याचा हट्ट नको, दोन घरे पुष्कळ झाली. वाचनाचा चष्मा आणि भिंग मात्र विसरू नये.

आम्ही चरित्रे-आत्मचरित्रे असलेल्या घरात शिरलो. सासूबाई कपाटापाशी जाऊन पुस्तकांच्या पाठींवरून बोटे फिरवीत उभ्या राहिल्या. खिडकीजवळ सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले, कानाने अधू. त्यांनी मोठ्या आवाजात विचारले, "बाई, कोणतं पुस्तक शोधताय?" सासूबाईंनी एका जुन्या आत्मचरित्राचे नाव सांगितले. ते त्यांना ऐकू गेले नाही. मी ओरडून सांगितले. त्यांनी पुस्तक काढले आणि सासूबाईंच्या हाती न देता स्वतःच वाचू लागले, तेही थांब्यांची नावे पुकारावीत तशा खड्या आवाजात. दुसऱ्याच पानावर सासूबाईंनी त्यांचा एक उच्चार दुरुस्त केला. वाहकमहाशयांनी चष्मा वर सरकवून त्यांच्याकडे पाहिले, तो शब्द पुन्हा, नीट उच्चारला आणि पुढे वाचू लागले. हे वाचन तासभर चालले. घरातील मालकीणबाई मध्येच चहा ठेवून गेल्या. त्या तासात सासूबाईंनी गुडघा दुखतो असे एकदाही म्हटले नाही. वैद्यकीय नोंद म्हणून हे येथे लिहून ठेवते.

आता त्या 'अडण्या'विषयी. तेथे बसलेल्या ज्येष्ठांकडे जरा निरखून पाहावे. पुस्तक खिडकीकडे नेऊन वाचणाऱ्यास अधिक उजेड हवा आहे; वयोमानाने डोळ्यात पोहोचणारा प्रकाश बराच घटतो आणि मोतीबिंदू असल्यास आणखीच. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया आहे. सरळ ओळी नागमोडी दिसू लागल्या असतील, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जावे. पक्षाघातानंतर काहींना पानाची एक बाजूच दिसत नाही. अर्ध्या ओळी वाचून अर्थ लागत नाही, म्हणून ते पुस्तक मिटतात. तेच पान पुनःपुन्हा उलटणाऱ्या व्यक्तीच्या मनावर उदासीनतेचे मळभ असू शकते किंवा स्मृती क्षीण होत असू शकते. दोहोंची तपासणी व्हायला हवी. काहींच्या हातांना तर जाड पुस्तक पेलवतच नाही, त्यांना मांडीवर उशी देऊन भागते. आणि वाचल्याने डोळे झिजतात, हा समज आपण आता सोडून द्यावा. डोळे थकतात, विश्रांतीने ताजे होतात, झिजत नाहीत.

भिलार सर्वांनाच जमेल असे नाही. अंथरुणाला खिळलेल्यांच्या उशाशी वीस मिनिटे मोठ्याने वाचता येते. पुस्तक त्यांनी निवडलेले असावे, आपल्याला योग्य वाटलेले नको. श्रवणयंत्र असल्यास ते लावून घ्यावे, दूरचित्रवाणी बंद करावी, त्यांच्या समोर बसावे. वाचून झाल्यावर "काय समजलं, सांगा बघू" अशी परीक्षा कृपया घेऊ नये.

निघताना वाहकमहाशयांनी माझा क्रमांक मागून घेतला. त्यांच्या गावच्या वाचनालयात ते आत्मचरित्र होते. आता दर गुरुवारी सायंकाळी पाच वाजता आमच्याकडे फोन येतो, तो टेबलावर ठेवून आम्ही ध्वनिवर्धक सुरू करतो आणि वाचन सुरू होते. सध्या अकरावे प्रकरण चालू आहे. पलीकडे ऐकू जात नसल्यामुळे उच्चारांच्या दुरुस्त्या पोहोचत नाहीत, अशी सासूबाईंची तक्रार आहे. त्यांची एक यादी त्या माझ्याकडून लिहवून घेत आहेत.