लाल, आणि काडीसारखा

झील-नील्सन पद्धतीने रंगवलेली थुंकीची स्लाइड ऑइल इमर्शन लेन्सखाली घेतली, की एकेका फील्डमध्ये केवढा पसारा दिसतो! निळ्या पेशी, निळे धागे, निळेच इतर जंतू. क्षयाचा जंतू तेवढा लाल. त्याच्या मेणचट कवचात गरम कार्बोल फुक्सिन एकदा मुरलं, की 25 टक्के गंधकाम्लालाही ते धुता येत नाही. बाकी सगळं रंग सोडतं आणि मागाहून मिथिलीन ब्लू घेतं. जंतू भरपूर असले तर शोधावंच लागत नाही, लाल आपणहून डोळ्यांत भरतं.

कस लागतो तो जंतू मोजकेच असलेल्या स्लाइडवर. न गाळलेल्या फुक्सिनचे कण लाल, काचेच्या ओरखड्यात साचलेला रंगही लाल. काडीच्या आकाराचे जंतू निळ्यातही असतात. लाल रंग आणि बारीक, किंचित वाकडी काडी, दोन्ही एकाच जागी हवं. ट्राइझमन आणि जेलाड या मानसशास्त्रज्ञांनी 1980 मध्ये मांडलं, की एकाच गुणाने वेगळी वस्तू कितीही गर्दीत चटकन दिसते. गुणांच्या जोडीने ओळखायची असेल, तर लक्ष एकेका वस्तूवर न्यावं लागतं. पण मी काही प्रत्येक ठिपका तपासत नाही. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांचं 1989 चं म्हणणं मला जास्त पटतं: रंग, आकार हे गुण लक्षाला आधीच वाट दाखवतात. निळ्यावरून नजर सरकत जाते, लालपाशी थबकते. मग फाइन फोकस जरासा फिरवायचा. रंगाचा कण बहुधा वेगळ्याच पातळीवर असतो. जंतू पेशींबरोबरच स्पष्ट होतो.

म्हणून फुक्सिन गाळण्यात आणि स्मिअर पातळ पसरण्यात मी वेळ घालवतो. जाड स्मिअरच्या गडद निळ्यात लाल बुडतं, आणि नजरेची वाटच बंद होते.

सर्वांत अवघड ‘स्कँटी’ स्लाइड: 100 फील्डमध्ये 1 ते 9 जंतू. वुल्फ यांच्याच 2005 च्या प्रयोगात, निम्म्या चित्रांत असलेली वस्तू लोकांकडून 7 टक्के वेळा निसटली. शंभरात एकाच चित्रात असताना 30 टक्के वेळा. क्वचित सापडणाऱ्या गोष्टीचा शोध माणूस लवकर आटोपता घेतो. 100 फील्ड पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही, या नियमात मी सवलत देत नाही. शिकायला आलेल्या मुलांना भरगच्च पॉझिटिव्ह स्लाइड एकदाच दाखवतो. पुढे त्यांच्या रोजच्या ट्रेमध्ये स्कँटी मिसळतो, कुठली ते न सांगता.