दम : काही टिपणे

फारसीत 'दम' म्हणजे मुळात श्वास. मराठीत आल्यावर त्याला इतकी कामं लागली की मूळ धंदा मागेच पडला. दम धर, म्हणजे थांब. दम खा, म्हणजे विसावा घे. सज्जड दम दिला, म्हणजे धमकावलं. त्याच्या बोलण्यात दम नाही, म्हणजे बोलणं पोकळ. आणि पोराला दम निघत नाही, तेव्हा नुसता धीर सुटलेला असतो, श्वास ठणठणीत.

*

एकदम : एका दमात. हरदम : दर श्वासाला. बेदम : श्वास उरला नाही असा. 'बेदम मारहाण' बातम्यांत रोज असते; ती शब्दशः खरी ठरली तर कलम बदलतं.

*

दमा हाही त्याच घरातला. गंमत अशी की आयुर्वेदात या रोगाचं नावच 'श्वास'. चरकसंहितेत त्याचे पाच प्रकार आहेत : महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक, क्षुद्र. आपण ज्याला दमा म्हणतो तो साधारण तमक; झोपलं की वाढतो, उठून बसलं की जरा बरं वाटतं. दम्याचा रोगी रात्री उशांना टेकून का बसतो, ते ज्याच्या घरात असा माणूस आहे त्याला सांगावं लागत नाही. ग्रीकांचा 'अस्थमा' म्हणजेही धापच. तीन भाषांनी रोगाला वेगळं नाव शोधलंच नाही. श्वास बिनतक्रार चालतो तोवर त्याचा उल्लेख तरी कोण करतो?

*

दम बिर्याणीतला दमही हाच. हंडीच्या काठावर कणकेची वळी बसवायची, झाकण दाबायचं, आच मंद करायची. आतली वाफ आतच कोंडते आणि तांदूळ त्यावरच शिजतो. आमच्या स्वयंपाकघरात मात्र अजूनही 'झाकण ठेवून एक वाफ काढ' असंच म्हणतात. पोह्यांना कुणी दम देत नाही.

*

दम शब्दाचं सगळ्यात कडक राज्य कबड्डीत. चढाईला गेलेला गडी 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहतो. पूर्वी 'हुतूतू' म्हणायचा. दम तुटला की बाद. आता चढाईला ३० सेकंदांची मर्यादा असते, त्यामुळे टीव्हीवर बघणाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे. मैदानाच्या कडेला उकिडवं बसून बघणाऱ्याचे कान मात्र अजून गड्याच्या आवाजावरच.

*

शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवला, राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. 'दम' काही दफ्तरातला शब्द नव्हे. तो तालमीत, चुलीपाशी, चिलमीच्या बैठकीत राहिला. तिथे कुठला कोश पोचणार!

*

कीर्तनात 'शम-दम' ऐकून गोंधळू नये. तो दम संस्कृत, 'आवरणे' या अर्थाच्या धातूतून आलेला. दमन त्याचाच भाऊबंद. फारसी दमाशी त्याचं सोयरसुतक नाही. पण 'जरा दम धर की' म्हणणाऱ्या आजीला विचारलं, यातला कुठला, तर ती दोन्ही म्हणेल.