बैल दिल्लीला आहेत

आमच्या राहात्याच्या शेजारी श्रीरामपूर तालुका. तिथं प्रवरेच्या डाव्या काठावर दायमाबाद नावाचं एक ओसाड गाव आहे. 1974 साली छबू लक्ष्मण भिल्ल या शेतकऱ्याला तिथं एका झुडपाचं खोड खणून काढताना ब्राँझच्या चार वस्तू लागल्या. दोन बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. सगळं भरीव, ओतीव काम; चौघांचं वजन मिळून 60 किलोच्या वर. ही शिल्पं सापडली ती अशी अवचित, त्यामुळे त्यांचं वय नेमकं किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. म. के. ढवळीकरांनी ती उत्तर-हडप्पा काळातली, म्हणजे जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीची मानली. धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून काहींनी शंका काढली.

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्या वादात रस नव्हता. त्यांना रस होता बैलांत. बाहात्तरच्या दुष्काळात त्यांनी दावणीची जोडी मिळेल त्या भावाला विकली होती आणि खडी फोडायला गेले होते. दायमाबादची बातमी कानावर आली तेव्हाही आमचा गोठा रिकामाच होता. जमिनीत कुणाला तरी बैल सापडले, हे त्यांच्या मनात तेव्हा जे रुतलं ते रुतलंच. पुढं जोडी आली, पेरूची बाग उभी राहिली, जोडी जाऊन ट्रॅक्टर आला. तरी पारावर विषय निघाला की नाना म्हणायचे, “एकदा बघायला पाहिजेत.”

शेवटी एका दिवाळीच्या सुट्टीत दायमाबादच्या वस्तू बघायला आम्ही सगळे मुंबईला निघालो. नाना, आई, मी, बायको आणि आमची मुलगी. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या बागेतून चालत जाताना तो मोठा पांढरा घुमट दिसला आणि नाना थांबून वर बघत राहिले. विजापूरच्या गोलघुमटावर नजर ठेवून जॉर्ज विटेट या वास्तुविशारदानं ही इमारत रचली. पायाचा दगड 1905 साली बसला, बांधकाम 1914 साली पुरं झालं, पण तेवढ्यात पहिलं महायुद्ध लागलं आणि इथं लष्करी इस्पितळ आलं. लोकांसाठी दारं उघडली ती 1922 साली. मी हे सगळं वाचून गेलो होतो, ते मुलीला सांगत होतो. नाना भिंतीच्या काळ्या दगडावरून तळवा फिरवत होते. “बेसॉल्ट” असं मी म्हणालो, तर ते म्हणाले, “आपलाच दगड आहे. घडवणारा हात मात्र फार चांगला.”

आत शिरल्यावर मधल्या दालनात कोरीव लाकडाच्या खांबांची आणि कमानींची एक रचना आहे. नाशिकच्या एका वाड्यातून आणून ती इथं पुन्हा उभी केलेली. आई तिथंच रमली. तिचं बालपण वाड्यात गेलेलं. एकेका खांबापाशी थांबून ती वर बघत होती, आणि माझ्या मुलीला दाखवत होती, पाणी भरून आणल्यावर बायका कशा टेकून उभ्या राहायच्या, लग्नात तोरण कुठं बांधायचे, बाळंतिणीची खोली कुठल्या अंगाला असायची. वाड्यात न राहिलेल्या माणसाला ते खांब नुसते सुंदर दिसतात. आईला त्या खांबांमधून माणसं ये-जा करताना दिसत होती.

दायमाबादच्या प्राण्यांसमोर नाना उकिडवे बसले. हातातली टोपी त्यांनी गुडघ्यावर ठेवली. गेंड्याखाली दोन आडव्या पट्ट्या आहेत आणि त्यांना चाकं, भरीव, आऱ्यांशिवायची. हत्ती चौथऱ्यावर उभा आहे, पण त्याच्या खाली चाकं नाहीत. आम्ही सगळे सोंडेकडे, दातांकडे बघत होतो. नाना पार खाली, पोटाच्याही खाली बघत होते.

“ह्याची चाकं गेली, आख गेला. बसवायच्या जागा तेवढ्या राहिल्यात,” ते म्हणाले.

मुलीनं विचारलं, “आजोबा, ही खेळणी होती का?”

“एवढं जड पोराच्या हातात कोण देईल बाई? देवाच्या मिरवणुकीत ओढत असतील.”

अभ्यासकांनीही ही शक्यता मांडली आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. वजन बघून, चाक बघून ते तिथं पोचले. रेड्यापुढे ते सगळ्यांत जास्त वेळ थांबले. मग उठता उठता म्हणाले, “ज्यानं हा केला, त्याच्या दारात रेडा होता. बघून केलेला नाही हा, राखून केलेला आहे.”

आणि मग त्यांनी विचारलं, “बैल कुठंयत?”

रथ दिल्लीला, राष्ट्रीय संग्रहालयात आहे, हे मी त्यांना सांगितलं. नानांचा चेहरा उतरला नाही. त्यांनी फक्त मान हलवली. “जू बघायचं होतं,” म्हणाले. “मानेवर कसं बसवलंय ते. त्यावरून कळतं माणूस जनावराला कसा वागवायचा.”

परतीच्या प्रवासात मी त्यांना दायमाबादच्या उत्खननाबद्दल सांगत बसलो. एस. ए. साळी यांनी 1975 ते 1979 या काळात तिथं खोदकाम केलं, एकावर एक वस्त्यांचे थर सापडले. त्यातल्या जोर्वे काळातल्या लोकांत एक रीत होती. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ते ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून या संस्कृतीला नाव मिळालं. नेवाशालाही अशी दफनं सापडली आहेत. सगळी आमच्याच जिल्ह्यातली गावं.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “घरातच ठेवायचे. बरं करायचे.” आणि थोड्या वेळानं, “आपल्या पहिल्याला आपण ओढ्याकाठी ठेवला.”

माझ्या आधी एक भाऊ होता, एवढं मला ठाऊक होतं. त्याच्याबद्दल नानांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं आणि शेवटचं वाक्य. आई खिडकीबाहेर बघत होती. तिनं न वळता आपला हात नानांच्या मनगटावर ठेवला. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी आईबापाची गोष्ट ऐकल्यावर माझ्या आईबापांना त्यांचं दुःख उच्चारता आलं. संग्रहालयं कशासाठी असतात, हे मला त्या प्रवासात कळलं.

नाना गेले ते पावसाळ्यात. अस्थी पुणतांब्याला गोदावरीत सोडल्या. बाग आहे, विहीर आहे. मृग बहार धरायचा तर पाणी कधी तोडायचं, कधी द्यायचं, हे कृषी खात्याच्या पुस्तिकेत छापलेलं आहे. पण नाना पुस्तिका बघत नसत. सकाळी बागेत जाऊन पान उलटं करून बघत, बोटांनी दाबत आणि म्हणत, अजून चार दिवस. त्यांचं बोट कशाला थांबायचं, ते मला कळलेलं नाही. माणूस जातो तेव्हा त्याच्याबरोबर हे जातं. वस्तू जपून ठेवता येतात, त्यांची लांबी-रुंदी लिहून ठेवता येते, वजन करता येतं. त्या वस्तूकडे बघण्याची सवय लागलेला डोळा मात्र ज्याचा त्याच्याबरोबर जातो. नानांचं जाणं मला सगळ्यांत जास्त तिथं बोचतं, जिथं मी बघतो पण मला दिसत नाही.

तरी एक गोष्ट ते देऊन गेले. कुठली जुनी वस्तू समोर आली की माझी मुलगी आधी खाली वाकते. ती कशावर उभी आहे, कुठं झिजली आहे, काय गळून पडलं आहे, हे बघते. तिला हे कुणी शिकवलं नाही. तिनं आजोबांना उकिडवं बसलेलं पाहिलं होतं, एवढंच.

या उन्हाळ्यात आम्ही दिल्लीला जाणार आहोत. आई म्हणते, मीही येते. रथ बघायचा, बैल बघायचे, आणि जू मानेवर कसं बसवलंय ते नीट बघायचं. नानांना आता सांगता यायचं नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न घरात आहे, आणि तो आता आमचा आहे.